त्या ज्वारीचं पुढं काय झालं?

नाताळ अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे 'सेवेतील काही गोड अनुभव' मागितले आहेत. गोड म्हणजे कसले, हे त्यांनी कळवलेलं नाही. सारा जन्म पायी हिंडण्यात गेला. आता गुडघे धरले आहेत आणि घसा तर नोकरीत असतानाच बसला. त्यामुळे गोड काही आठवायला बसलो की आधी डुलकी लागते. तरी जे आठवतं ते लिहितो. गोड नसेल तर संपादकांनी समजून घ्यावं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, मी मिशनचा उपदेशक होतो. राहायला भोकरदन तालुक्यात, केदारखेड्याच्या अलीकडच्या एका गावी. खालच्या वस्तीतल्या मंडळीची उपासना घ्यायची, तिथल्या मुलांची शाळा चालवायची आणि उरलेल्या वेळात आसपासची गावं करायची. शाळेमुळे लोक मला मास्तर म्हणत. माझा खरा धंदा असा की धडधाकट माणसाला भर दुपारी, औत थांबवून विचारायचं, 'बाबा, मेल्यावर कुठं जाणार?' माणूस चिडत नसे. घाम पुसून म्हणे, "ते पाहू मंग. तुमी जेवले का, मास्तर?" आणि मी बहुधा जेवलेला नसे.

या कामाचीही एक कसबी बाजू आहे. आधी ढोलकी वाजवायची, ओळखीच्या चालीवर भजन धरायचं, माणसं जमली की चित्रांची गुंडाळी झाडाला टांगायची. ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहायचं नाही, त्याच्या बसण्याकडे पाहायचं. उकिडवा बसलाय तोवर तो कधीही उठून जाणार. त्यानं मांडी घातली की तो आपला. गिऱ्हाइकं मात्र एकेक नमुनेदार. एक म्हातारी स्वर्गाचं सगळं वर्णन शांतपणे ऐकून घ्यायची आणि शेवटी विचारायची, "तिथं म्हशी हायेत का? आन् त्यायच्या धारा कोन काढतं?" एक गृहस्थ दर वेळी डोकेदुखीची पुडी मागायचे. मिशनचा माणूस म्हणजे दवाखान्याचा माणूस, ही त्यांची समजूत मी अखेरपर्यंत मोडू शकलो नाही.

माझी सगळ्यांत जमलेली गोष्ट श्रीमंत शेतकऱ्याची. ही येशूनं सांगितलेली. एका माणसाच्या शेताला उदंड पिकलं. तो म्हणाला, जुनी कोठारं पाडतो, मोठी बांधतो, सगळं भरून ठेवतो आणि मग जिवाला म्हणतो, आता बस, खा, पी, मजा कर. तेव्हा देव त्याला म्हणाला, वेड्या, आज रात्रीच तुझा जीव मागतील, मग हे साठवलेलं कुणाचं? आमच्याकडे कोठारं नसत, पेवं असत. म्हणून मी कोठाराचं पेव केलं होतं. मिशीवरून हात फिरवून 'जिवा, खा, पी' म्हणू लागलो की लोक हसून लोळत, आणि देवाचं वाक्य आलं की एकदम गप्प होत. ती गप्प होण्याची घडी माझ्या हातची होती. त्याचा मला अभिमान होता, अजूनही थोडा आहे.

आता शहरात वाढलेल्यांना पेव ठाऊक नसेल. गावाच्या पांढऱ्या, टणक मातीत खणलेलं धान्याचं तळघर ते, तोंडाशी अरुंद, पोटात रुंद. आतून कडब्याचं अस्तर लावून ज्वारी भरायची, वर पुन्हा कडबा, दगड, माती, आणि तोंड लिंपून टाकायचं. आत वारा नाही तोवर धान्य राहतं. एकदा उघडलं की सगळं काढावं लागतं, थोडं काढून बाकीचं झाकता येत नाही. आणि उघडल्याबरोबर आत उतरायचं नाही, कोंडलेल्या हवेनं माणूस जागच्या जागी मरतो. आधी कंदील सोडायचा. तो विझला तर थांबायचं.

एकदा राजूरला चतुर्थीच्या गर्दीत मी ही गोष्ट सांगत होतो. आमच्याच गावचे माणिकराव पाटील गणपतीचं दर्शन घेऊन तिथं येऊन उभे राहिले. गोष्ट संपली, लोक गप्प झाले, आणि पाटलांनी विचारलं,

"मंग त्या ज्वारीचं पुढं काय झालं?"

मी म्हणालो, "पाटील, गोष्ट ज्वारीची नाही. जिवाची आहे."

"जिवाचं कळलं. जीव गेला. पर पेव भरून ठिवलं व्हतं ना? मंग ते उघडलं कोनी? खाल्लं कोनी?"

लोक हसले. माझी हातची घडी हातची गेली. मला राग आला. जालन्याला गेलो तेव्हा मिशनच्या साहेबांना विचारलं. ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, शास्त्रात त्याचा उल्लेख नाही. पाटलांनी मात्र पिच्छा सोडला नाही. रस्त्यात कुठंही दिसले की लांबूनच हाक यायची, "काय मास्तर, लागला का पत्ता ज्वारीचा?"

पाटलांना हा प्रश्न का छळत होता, ते मला उशिरा समजलं. त्यांच्या घरापुढच्या अंगणात एक मोठं पेव होतं. वडील वारले त्या साली पाटलांनी ते भरलं आणि पुन्हा उघडलं नाही. वाईट दिवसासाठी ते ठेवलं होतं. दर पावसाळ्याआधी यमुनाबाई, म्हणजे पाटलीणबाई, त्याच्या तोंडावर नवी माती चढवून शेणानं सारवून घ्यायच्या. आमच्या गावाची पांढरी टणक, तिथं ज्वारी कितीही साल टिकते, असं सगळे म्हणत. दुष्काळी सालं आली आणि गेली. दर वेळी पाटलांना वाटे, याहून वाईट साल यायचंय.

मग दुसऱ्या महायुद्धाची वर्षं आली. त्यात एका साली पाऊस दगा देऊन गेला आणि जे थोडं पिकलं त्यातलं लेव्हीच्या सक्तीच्या वसुलीत सरकारकडे गेलं. उन्हाळा लागायच्या आतच खालच्या वस्तीतल्या चुली थंड पडू लागल्या. लोक पानं उकडून खात. शाळेत मुलं पाढे म्हणता म्हणता झोपून जात आणि मी त्यांना उठवत नसे. माझी बायको मार्था आमच्या घरातलं पीठ मूठमूठ वाटायची. होता होता आमचंही मडकं खरवडून झालं. जालन्याहून मदत येते म्हणून निरोप यायचा, मदत यायची नाही.

त्याच दिवसांत पाटलांचे पाय सुजले. बसल्या जागी दम लागायचा. एके सकाळी त्यांनी मला बोलावणं पाठवलं. त्यांच्याकडे गेलो की मी नेहमी ओट्याखालच्या दगडावर बसत असे. मी मूळचा खालच्या वस्तीतला, तेव्हा माझी जागा ती. त्या दिवशीही तिथंच बसलो.

पाटील म्हणाले, "वर या मास्तर. मोठ्यानं बोलवत न्हाई मला."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या ओट्यावर चढलो. पाटील बाजेवर उशाला टेकून बसले होते. म्हणाले, "तुमच्या गोष्टीतला तो गडी. तो मीच का?"

"पाटील, गोष्ट सगळ्यांसाठीच आहे."

"हे भाषनातलं झालं. बराबर सांगा."

"तुम्हीच," मी म्हणालो.

त्यांनी अंगणातल्या त्या सारवलेल्या गोल जागेकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्या ते पेव उघडतो. समद्या गावाला वाटतो, तुमच्या वस्तीला बी. मंग मला तिकडं जागा भेटती का? बिलकुल पक्की?"

त्या ओट्यावरून आमची वस्ती सरळ खाली दिसते. सकाळची चुलीची वेळ होती आणि एकाही घरातून धूर निघत नव्हता. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. एका शब्दात वस्ती जेवली असती. पण मी सारा जन्म लोकांना सांगत आलो होतो की ती जागा कुणाला विकत मिळत नाही, दानधर्मानंही नाही, ती देवाच्या दयेनं मिळते. उपाशी माणसं समोर दिसली म्हणून ते बदलायचं कसं? आणि बदललं नाही, तर त्या माणसांना काय सांगायचं?

"नाही पाटील," मी म्हणालो. "ज्वारी देऊन तिथली जागा मिळत नाही. ती मागणाऱ्याला फुकट मिळते. तुमच्या पेवाची तिथं कुणाला गरज नाही."

"मंग कोनाला हाय?"

"खालच्या वस्तीला आहे."

पाटलांनी डोळे मिटले. "जा मंग," एवढंच म्हणाले.

घरी येऊन मार्थाला सांगितलं. ती रिकामं सूप घेऊन बसली होती. "व्हय म्हनायला काय झालतं तुमाला?" ती म्हणाली. "पोरं झोपून राह्यली शाळेत. एक व्हय म्हनायचं. देवाला राग आला असता तर माझ्यावर घातला असता!" मी म्हणालो, खोटं कसं सांगायचं. ती म्हणाली, "तुमचं खरं शिजवते मंग आज." त्या दिवशी ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही. मी खरं सांगितलं होतं, आणि खरं सांगून इतकं वाईट मला आधी कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात दवंडी फिरली. पाटलांचं पेव उघडतंय, ज्याला पाहिजे त्यानं टोपली घेऊन यावं, वस्तीनंही यावं. आम्ही गेलो तर अंगण भरलं होतं. पाटलांची बाज पेवाशेजारी आणून ठेवली होती. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"काल तुमी व्हय म्हनले असते ना मास्तर, तर म्या उघडलं नसतं. म्या समजलो असतो, वस्तीसाठी बोलून राह्यले. ज्वारीसाठी देव इकून राह्यले."

आमच्या लोकांनी ज्वारीसाठी देव बदलला, हे बोलणं मी जन्मभर ऐकलं होतं. ते पाटलांच्या तोंडून असं उलटं ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. मी मार्थाकडे पाहिलं. ती दुसरीकडे बघत होती.

माती उकरली, दगड सारला. आतून गरम, कुबट वास आला आणि लोक मागे सरकले. दोरीनं कंदील आत सोडला. विझला. आता थांबायचं होतं. उन्हात सगळं गाव टोपल्या घेऊन बसलं.

पाटील म्हणाले, "सांगा मास्तर गोष्ट. येळ हाय."

माझ्यानं त्या दिवशी मिशीवरून हात फिरवणं होईना. मी म्हणालो, "पाटील, आज ती तुमची आहे. तुम्हीच सांगा."

ते थोडं हसले. मग थांबत थांबत, दम घेत बोलू लागले. "एक गडी व्हता. त्यानं पेव भरलं. वाईट दिवस आला का उघडीन म्हनला. वाईट दिवस आला. तो म्हनला, ह्याहून वाईट यील. मंग तो बी आला. तो म्हनला, अजून एक पाहू." इथं त्यांना जोराची धाप लागली. "म्होरचं आता उघडल्यावर पाहू," ते म्हणाले.

मी इतकी वर्षं ती गोष्ट सांगितली. इतकी चांगली मला ती कधी सांगता आली नाही. सगळे लोक मांडी घालून बसले होते.

कंदील पुन्हा सोडला. या वेळी तो जळत राहिला. एक गडी कमरेला दोर बांधून उतरला आणि आतून पहिली टोपली वर आली. टोपलीत ज्वारी नव्हती. काळी ढेकळं होती, ओलसर, कुजल्या वासाची. पाटलांचा थोरला मुलगा ओरडला, "कडंची असंल, मधली काढ." मधली काढली. तीही काळी. मग खालची काढली. कधीतरी एका पावसाळ्यात कुठून तरी पाणी मुरलं होतं. केव्हा, ते कोण सांगणार? यमुनाबाई दर साली वरून सारवत होत्या आणि आत काही नव्हतं.

पाटलांनी एक ढेकूळ हातात घेतलं. त्याचा हातातच लगदा झाला. ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "लागला पत्ता, मास्तर. लागला ज्वारीचा पत्ता." हसायला म्हणून तोंड उघडलं आणि ते लहान मुलासारखे रडू लागले. मीही रडलो. रडायला कारणं पुष्कळ होती.

लोक उठू लागले. आमच्या बाया रिकाम्या टोपल्या काखेला लावून अंगणाच्या कडेला पोचल्या असतील. तेवढ्यात दारातून यमुनाबाई बाहेर आल्या. चार पुरुषांत त्या कधी येत नसत. डोक्यावर टोपलं होतं. घरातल्या कणगीतली, त्याच सालची, पुढच्या सुगीपर्यंत घराला खायला ठेवलेली पांढरी ज्वारी. त्या सरळ मार्थापुढे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पदर धर."

थोरला मुलगा आडवा आला. "आये, मंग आपन काय खायचं?"

"आपन बी हेच," त्या म्हणाल्या. "समद्यायनी थोडंथोडं. सरक."

मार्थानं पदर पसरला.

त्या दिवसापासून पाटलांच्या घरातून रोज मोजून ज्वारी निघू लागली, वस्तीला आणि गावातल्या नडलेल्या घरांना. पुढं दोन-चार शेतकऱ्यांनीही आपापल्या कणग्यांची तोंडं उघडली. पाटलांच्या घरी एक वेळच चूल पेटे. मी रोज जात असे. ओट्यावर बसत असे. आम्ही स्वर्गाविषयी फारसं बोललो नाही. पाटलांना आता एकच काळजी होती आणि ती ते रोज विचारत, "पुरंल का मास्तर? कणगी लहान हाय. पाऊस पडून पीक यायला टाइम हाय. लोक अर्ध्यात उपाशी नको पडाय."

मी म्हणे, पुरेल. ते म्हणत, "तुमाला काय ठावं?" आणि ते बरोबरच होतं.

पाऊस पडायच्या आधीच पाटील गेले. शेवटच्या दिवशीही हेच विचारलं, "पुरंल का?" घरच्यांनी त्यांचं सगळं रीतीप्रमाणे केलं. आम्ही वस्तीतले लोक जरा लांब उभे होतो. पाटलांनी बाप्तिस्मा मागितला नव्हता. मी तो घ्या म्हणालो नव्हतो. पुढं साहेबांनी विचारलं, त्या माणसानं विश्वास धरला का? मी म्हणालो, त्यानं विचारलं होतं. साहेब म्हणाले, विचारणं वेगळं. वेगळंच असेल. मी आयुष्यभर हेच शिकवलं आहे, मला ते ठाऊक आहे. पण तेव्हापासून झोप नीट लागत नाही.

त्यानंतर मी श्रीमंत शेतकऱ्याची गोष्ट सांगताना शेवटी जोडू लागलो, की त्याच्यामागे लोकांनी पेव उघडलं तर ज्वारी काळी पडली होती. साहेबांच्या कानावर गेलं. त्यांनी बोलावून सांगितलं की हे शास्त्रात नाही. मी हो म्हणालो आणि पुढच्या गावी तसंच सांगितलं. कधी कधी वाटायचं, माझ्या इतक्या वर्षांच्या बोलण्याचंही असंच असेल. भरत गेलो, वरून सारवत गेलो. आत काय आहे, ते मी कुठं उघडून पाहिलंय?

निजामाचं राज्य जायच्या आधीच्या उन्हाळ्यात, सगळीकडे गडबड चालू असताना, आमची बदली जालन्याला झाली होती. एके दिवशी दारात यमुनाबाई उभ्या. मोतीबिंदू काढायला दवाखान्यात आल्या होत्या, एका डोळ्याला पट्टी होती. मार्थानं सतरंजी टाकली. त्या जमिनीवरच बसल्या आणि पाणी मागितलं. आमच्या घरचं पाणी. मार्थानं तांब्या दिला. त्यांनी तो तोंडाला लावून सगळा प्यायला आणि खाली ठेवला.

इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. जाताना त्या उंबऱ्यात थांबल्या.

"मास्तर, तुमी तर तिकडंच जानार. तुमचं तर पक्कं हाय."

मी उठून उंबऱ्याशी गेलो.

"ते भेटतेन ना तुमाला तिथं?"

हा प्रश्न मी जन्मभर दुसऱ्यांना उलट्या बाजूनं विचारत आलो होतो. त्याचं छापील उत्तर मला पाठ होतं. मार्था माझ्याकडे बघत होती, त्या दिवशी सूप हातात घेऊन बघत होती तशीच. मी म्हणालो, "भेटतील."

"मंग त्यायला एक सांगसाल?"

"सांगतो."

"जातानी लई घोर लावून घेतलता त्यायनी." यमुनाबाईंनी पदरानं चांगला डोळा पुसला. "सांगा म्हनावं, नवी ज्वारी खळ्यात आली त्या दिवशी बी कणगीच्या बुडाशी जुनी व्हती. वस्तीतलं कोनीबी उपाशी न्हाई झोपलं. पुरली म्हनावं."

यमुनाबाईही आता राहिल्या नाहीत, मार्थाही नाही. मी बाजेवर पडून असतो. संपादकांसारखे तरुण लोक भेटायला येतात आणि जरा भीत भीत विचारतात, बाबा, पुढची तयारी झाली का? माझी तयारी म्हणाल तर काही नाही. देवाची दया होईल तशी होईल. पण तो निरोप मी रोज एकदा मनात म्हणून ठेवतो, आयत्या वेळी विसरायला नको. पाटील लांबूनच हाक मारतील, लागला का पत्ता ज्वारीचा, म्हणून. मला एवढंच सांगायचं आहे, पाटील, पुरली.